हात हवेत, माणूस नको : कात्रीच्या हातांचा एडवर्ड आणि आपला जब्या

टिम बर्टन या दिग्दर्शकाचा 'एडवर्ड सिझरहँड्स' हा अमेरिकन सिनेमा १९९० साली आला. थोडी भीती, थोडी जादू आणि एक अपुरी प्रेमकथा, असा त्याचा बाज आहे. आपले कॉलेजात शिकणारे अनेक तरुण तो आज मोबाइलवर पाहतात, हळवे होतात आणि 'काय लव्ह स्टोरी आहे!' असा स्टेटस टाकून मोकळे होतात. आमचे म्हणणे असे आहे की आंबेडकरी तरुणाने हा सिनेमा प्रेमकथा म्हणून पाहून सोडून देऊ नये. बाहेरच्या माणसाला वस्ती कुठवर आत घेते आणि नेमकी कुठे अडवते, याचा तो चोख नकाशा आहे. हा नकाशा आपल्या ओळखीचा आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी तो पायी चालून पाहिलेला आहे.

कुणी विचारेल, वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) सारख्या गावात बसून अमेरिकेच्या कॉलनीवर कशाला लिहायचे? याचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे. अस्पृश्यांना 'आत घेण्याचे' देशभर गाजलेले प्रयोग याच वर्धा जिल्ह्यात झाले. ते कुठे अडले हे समजून घ्यायला हा सिनेमा मदत करतो.

सिनेमात काय घडते?

अमेरिकेतले एक उपनगर. एकसारखी घरे, फिक्या रंगांच्या भिंती, कापलेले हिरवे गवत. टेकडीवर एक पडका वाडा. त्या वाड्यात एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने एडवर्ड नावाचा माणूस घडवला. त्याला माणसाचे हात बसवण्याआधीच म्हातारा मेला, आणि एडवर्डच्या मनगटापुढे लांब कात्र्याच राहिल्या. घरोघरी सौंदर्यप्रसाधने विकणारी पेग नावाची बाई त्याला पाहते, तिला दया येते आणि ती त्याला आपल्या घरी घेऊन येते.

सुरुवातीला कॉलनी खूश असते. एडवर्ड कुंपणाची झाडे कापून त्यातून प्राणी घडवतो, कुत्र्यांचे केस कापतो, मग बायकांचेही केस कापू लागतो. सगळ्यांना तो हवाहवासा वाटतो. स्वतःचे दुकान काढावे म्हणून तो बँकेत कर्ज मागायला जातो तेव्हा त्याला नकार मिळतो, कारण त्याच्याकडे कागद नाहीत, त्याच्या नावावर काहीच जमा नाही. पुढे शेजारची एक बाई त्याच्याशी लगट करते. तो घाबरून पळतो, तेव्हा तीच त्याच्यावर खोटा आळ घेते. पेगची मुलगी किम हिच्यावर त्याचा जीव जडतो. किमच्या मित्राने स्वतःच्याच बापाच्या घरी चोरी करायला एडवर्डला पुढे केलेले असते. पकडला जातो एकटा एडवर्ड. शेवटी एका लहान मुलाला गाडीखाली येण्यापासून वाचवताना त्याच्या कात्र्या त्या मुलाला लागतात आणि अख्खी कॉलनी त्याच्या मागे धावते. पाठलागात त्याला वाड्यावर परत जावे लागते. किमच्या मित्राशी झालेल्या झटापटीत तो मित्र मरतो. एडवर्डचा जीव वाचावा म्हणून किम लोकांना सांगते की दोघेही मेले. म्हणजे जिवंत राहण्यासाठी त्याला समाजाच्या लेखी मरावे लागते.

कामाला हात, पण हाताला स्पर्श नाही

या गोष्टीत कॉलनीला एडवर्डचे काय आवडले? त्याचे हात, म्हणजे त्याची कारागिरी. आणि कशाची भीती वाटली? त्याच हातांची. झाडाला लागलेली कात्री कला ठरते, किमच्या अंगाला चुकून लागली की गुन्हा ठरतो. हात बदललेले नाहीत, ते कुठपर्यंत पोचले एवढाच फरक आहे.

हे आपल्याला नवीन आहे का? गावगाड्याने अस्पृश्याचे हात कधीच नाकारले नाहीत. मेलेले ढोर ओढायला, गावाची राखण करायला, सांगावा पोचवायला, लाकडे फोडायला, बाळंतपण करायला हेच हात लागत. नागपूर-वर्ध्याकडचे महार जाडेभरडे कापड विणत. ते कापड गावाला चाले. विणणाऱ्याची सावली चालत नसे.

पुढे यंत्रयुग आले तरी हिशेब तोच राहिला. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हता. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, म्हणजे विटाळाचा सरळ परिणाम पगारावर होत होता. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. मालक आणि मजूर हा झगडा खरा होता, पण मजुरा-मजुरांतही एक वेस होती. एडवर्डच्या कॉलनीतली वेस हीच आहे : काम करताना आत या, माणूस म्हणून आत येऊ नका.

अमेरिकन कॉलनी एवढी स्वच्छ कशी झाली?

सिनेमातली कॉलनी आपोआप एकरंगी झालेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जी उपनगरे उभी राहिली त्यात सर्वांत गाजलेले नाव लेविटाउनचे. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ हजारो एकसारखी घरे बांधली गेली आणि तिथल्या करारातच गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये अशी अट होती. घरकर्जाला हमी देणारी सरकारी यंत्रणा १९३४ पासून काम करत होती. काळ्या लोकांच्या वस्त्यांना ती कर्जासाठी धोकादायक ठरवायची आणि नकाशावर अशा वस्त्या लाल रंगाने दाखवल्या जायच्या. बँकेच्या खिडकीवर एडवर्डला मिळालेला नकार या इतिहासाशी जुळवून पाहा.

१९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हानिया राज्यातल्या लेविटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळे जोडपे मुलाबाळांसह राहायला आले, तर घरासमोर गोऱ्यांचा जमाव जमला, खिडक्यांवर दगड पडले आणि हा छळ कित्येक दिवस चालला. घरांच्या बाबतीत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा तिकडे १९६८ साली आला. गोरे आणि काळे यांच्या लग्नाला गुन्हा ठरवणारे अनेक राज्यांचे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली, लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात, रद्द केले. म्हणजे घराचा आणि लग्नाचा दरवाजा जवळपास एकाच वेळी ठोठावला गेला. दोन्ही दरवाज्यांवर पहारा एकाच गोष्टीचा होता : रक्त मिसळू नये.

बर्टनने सिनेमात वंशाचे नाव घेतलेले नाही. पण जमाव मागे लागला असताना एडवर्डला मारण्याऐवजी हवेत गोळ्या झाडून त्याला निसटू देणारा पोलीस अधिकारी काळा आहे. बाहेर राहिलेल्याला बाहेरचा ओळखू येतो. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरचे नाव पाहून दलित पँथर काढली, ती याच ओळखीतून.

पेगबाईची दया आणि वर्ध्याचे प्रयोग

या सिनेमातले आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे पात्र एडवर्ड नाही, पेग आहे. ती खरोखर चांगली बाई आहे. तिने त्याला घर दिले, नवऱ्याचे कपडे दिले, आपल्या पंगतीला बसवले. आणि मग तिने काय केले? त्याच्या चेहऱ्यावरचे व्रण झाकले जावेत म्हणून आपल्याकडची क्रीम कालवून त्याला फासायला सुरुवात केली. तिच्या लेखी दुरुस्तीची गरज एडवर्डला होती. कॉलनीला दुरुस्त करावे असे तिच्या मनातही आले नाही.

आता वर्ध्याकडे या. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्या काळात सनातन्यांचा रोष पत्करून हे करणे सोपे नव्हते, ते आम्ही नाकारत नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. हेच पुढे सेवाग्राम झाले. अस्पृश्यांची सेवा, सफाई, शिक्षण, मंदिरप्रवेश असे कार्यक्रम इथून देशभर गेले.

त्याच वर्षी, १५ मे १९३६ रोजी, बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे न झालेले भाषण स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले होते. भाषणातला मजकूर पचला नाही म्हणून परिषदच रद्द केली. काय होते त्या मजकुरात? सहभोजनाने जात जात नाही. रक्ताचे नाते जोडणारा आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय आहे. आणि असे विवाह होत नाहीत त्याचे कारण ज्या शास्त्रांना लोक पवित्र मानतात त्या शास्त्रांत आहे, म्हणून ते पावित्र्यच नाकारा. याचे बीज त्याहून वीस वर्षे आधीचे आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जातीचे सार जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. सती, वैधव्याची सक्ती आणि बालविवाह या प्रथा त्याच कुंपणाच्या राखणीसाठी उभ्या राहिल्या.

दोन वाटांमधला फरक इथे स्पष्ट होतो. पेगची वाट म्हणते, बाहेरच्याला स्वच्छ करा, देवळापर्यंत आणा, पंगतीत बसवा. बाबासाहेब म्हणतात, कुंपण पाडा, आणि कुंपण घराच्या आत, लग्नाच्या मांडवात आहे. गांधीजींनी १९३६ साली बाबासाहेबांच्या मांडणीवर टीका लिहिली. दहा वर्षांनी, आयुष्याच्या अखेरीस, तेच गांधीजी म्हणू लागले की सेवाग्राम आश्रमात लग्न व्हायचे असेल तर वर किंवा वधू यांपैकी एक हरिजन हवा. बाबासाहेब ज्या दारापाशी आधीच उभे होते त्या दारापर्यंत यायला त्यांना दहा वर्षे लागली, एवढी नोंद इतिहासाने घ्यावी.

पडद्यावरचा अस्पृश्य : मेला तर चांगला

त्याच १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. देविका राणी अस्पृश्य मुलगी, अशोक कुमार ब्राह्मण मुलगा. दोघांचे प्रेम, दोघांची लग्ने मात्र दुसरीकडे, आणि शेवटी रेल्वे फाटकावर येणारी गाडी थांबवताना नायिकेचा मृत्यू. प्रेक्षक रडले. प्रश्न सुटला नाही, पण नायिका गेल्यामुळे तो विचारायचीही गरज उरली नाही.

१९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. इथे लग्न होते, पण त्याआधी सुजाताला परीक्षा द्यावी लागते. ज्या ब्राह्मण घरात ती वाढली त्या घरच्या आईला रक्ताची गरज पडते आणि सुजाताचे रक्त जुळते. मग आईचे मन वळते. म्हणजे सवर्ण घराला रक्त दिल्यावर अस्पृश्य मुलगी 'आपली' होते. कुणी रक्त न देता, नुसती माणूस म्हणून आली असती तर?

एडवर्डची गोष्ट याच माळेतली आहे. तो मरत नाही, पण वाड्यात एकटा राहतो. म्हातारी झालेली किम नातीला त्याची गोष्ट सांगते : तो वर बर्फाच्या मूर्ती कोरतो आणि त्याचा भुगा कॉलनीवर हिमासारखा पडतो. पूर्वी तिथे हिम पडत नसे. प्रेक्षकाला हा शेवट फार गोड वाटतो. आम्हाला त्यात गावगाडा दिसतो. ज्याला हाकलले त्याच्या हातांचे फळ वस्तीला अजून मिळतेच आहे, आणि तेही फुकट!

जब्याचा दगड

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने ही माळ तोडली. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे प्रेमाचा दिवस म्हणून साजऱ्या होणाऱ्या तारखेलाच, तो चित्रपटगृहांत आला. जब्या हा कैकाडी समाजाचा शाळकरी पोरगा. वर्गातल्या सवर्ण शालूवर त्याचा जीव आहे. काळ्या चिमणीला जाळून तिची राख मुलीच्या अंगावर टाकली की ती प्रेमात पडते, असे त्याला कळलेले असते, म्हणून तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. एडवर्डच्या सिनेमात जादू आहे, इथेही आहे. फरक असा की जब्याची जादू चालत नाही. गावाला त्याच्या घरच्यांचे हातच हवे असतात : डुकरे धरायला. शालूसह अख्खी शाळा पाहत असताना त्याला बापाबरोबर डुकरामागे धावावे लागते, आणि मारलेले डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रे दिसतात.

शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट कॅमेऱ्याकडे येतो. एडवर्डने वाड्यात जाऊन कॉलनीवर बर्फ पाडला. जब्या वाड्यात जायला नकार देतो. त्याने मारलेला दगड प्रेक्षकालाच विचारतो की तू कुणाच्या बाजूने हसत होतास?

सिनेमा येऊन अडीच महिनेही झाले नव्हते. २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, हा त्याच्यावरचा संशय होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये खालच्या न्यायालयातून सारे आरोपी निर्दोष सुटले. ही कुठल्या परीकथेतली गोष्ट नाही. २०१६ च्या 'सैराट'मध्ये हैदराबादच्या नव्या घरात घडलेला शेवट पाहून ज्यांना 'अतिरेक' वाटला, त्यांनी खर्ड्याचे नाव लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. एडवर्ड आणि जब्या दोघेही पुरुष आहेत. दलित बाईच्या वाट्याला येते ते याहून भयंकर असते. तिच्या बाबतीत वस्तीला स्पर्शाचा विटाळही होत नाही, तिच्या श्रमांवर आणि शरीरावर दोन्हीवर हक्क सांगितला जातो. आपल्याच विदर्भात, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले गेले ते स्वाभिमानाने जगण्याच्या 'गुन्ह्या'साठी. म्हणून सिनेमातल्या त्या बाईच्या खोट्या आळावरून अत्याचाराच्या खऱ्या तक्रारींवर शंका घेणाऱ्यांच्या हाती कोलीत देऊ नये.

मग आपण काय करायचे?

आपल्यातलेच काही वडीलधारे म्हणतात, पोरांनो, प्रेमबिम सोडा, शिका आणि नोकरी बघा. शिकायचेच आहे, त्यात वाद नाही. पण नोकरी लागल्यावर हात महाग होतात, वेस जात नाही. शहरात फ्लॅट भाड्याने घेताना आडनाव विचारतातच. जात टिकते ती लग्नात, हे १९१६ साली सिद्ध झालेले सत्य आहे. भारतात आजही आंतरजातीय लग्ने शंभरात पाचाच्या आसपास आहेत, असे २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत दिसले होते.

आणि हा प्रश्न फक्त सवर्णांना विचारून भागणार नाही. आपल्या बौद्ध वधू-वर मेळाव्यांत पोटजात विचारली जाते की नाही? मातंग, चर्मकार, भटक्या समाजातली सून आपल्या किती घरांत आहे? दीक्षाभूमीवर १९५६ साली घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती मांडवाच्या दाराशी येऊन थांबते का, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे. आपण जर कुंपणाच्या आत आणखी एक कुंपण घातले, तर टेकडीवरच्या वाड्यात दुसऱ्याच कुणाला तरी धाडू.

करण्यासारखे पुष्कळ आहे. विशेष विवाह कायदा १९५४ साली आला. त्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते आणि तेवढ्यात घरच्यांना कळते. अशा वेळी जोडप्याला एकटे पडू देऊ नये, गावातल्या चार जबाबदार माणसांनी उभे राहावे. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, मदतीचा फोन क्रमांक आणि सुरक्षित निवारा यांचे निर्देश दिले. आपल्या जिल्ह्यात त्यांची अंमलबजावणी काय झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते आणि विचारायला हवे. आंतरजातीय विवाहाला राज्य शासनाकडून पन्नास हजारांचे अर्थसाहाय्य आहे. तो अर्ज भरून देणे हेही चळवळीचेच काम आहे. आणि विहारात पुढच्या वेळी सिनेमा दाखवाल तेव्हा 'एडवर्ड' आणि 'फँड्री' एकामागून एक दाखवा. नंतर तासभर बोला, मुलींना आधी बोलू द्या.

'एडवर्ड सिझरहँड्स' आला त्याच १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या आणि बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले. कागदावर आपण आत आलो. मांडवाचे दार अजून उघडायचे आहे. टेकडीवर जाऊन दुसऱ्यांसाठी बर्फ पाडणे आपल्याला मान्य नाही. आपण याच गावात राहणार, याच रस्त्यावरून चालणार, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याचा हात सगळ्यांदेखत धरणार.

जय भीम!